चौथ्या गेजनंतर

तीस सप्टेंबरच्या आत चंद्रशेखरने ट्रेड टेस्ट पास केली नाही तर फॅक्टरीच्या रजिस्टरातून त्याचं नाव कमी होईल, असं पत्र घरी आलं तेव्हा मी पोळ्या करत होते. पत्र वाचेपर्यंत तव्यावरची पोळी काळी झाली. ती मीच खाल्ली. मला रडणं जमत नाही, मला राग येतो. आई म्हणायची, शैलीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, नुसतं शिंकलं तरी खाली पडतो. आई गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबा त्याच्याही आधी गेले. घरात आम्ही दोघंच, मी एकतीस वर्षांची आणि धाकटा भाऊ शेखर पंचवीसचा.

साल पासष्ट. लढाई जुंपली होती. आमच्या फॅक्टरीत तोफेचे गोळे व्हायचे, त्यामुळे भोंगा दिवसातून सहा सहा वेळा वाजायचा, आणि जबलपूरजवळच्या रांझीतल्या आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांना काळा कागद डकवलेला होता. मी फॅक्टरीच्या बाहेरच्या ऑफिसात टायपिस्ट होते. शेखर आत, गोळ्यांच्या तपासणीत. म्हणजे आजारी पडायच्या आधी.

एकवीस वर्षांचा असताना त्याला भरती केलं आणि फोरमन बाबाराव वैरागडे घरी येऊन सांगून गेले होते, "बाई, तुमच्या भावाचे हात म्हणजे हात आहेत. केसाएवढा फरक बोटानं ओळखतो." हे बाबाराव अमरावतीकडचे, तोंडाने फटकळ, उगाच कोणाचं कौतुक करणारे नाहीत. मी त्या दिवशी शिरा केला होता. दोन वर्षांनी शेखर म्हणायला लागला की मशीनच्या आवाजात कोणीतरी त्याचं नाव घेऊन राहिलं. मग रेडिओवर. मग भिंतीतून. नागपूरला दवाखान्यात नऊ महिने ठेवावं लागलं. डॉक्टरांनी आजाराचं मोठं इंग्रजी नाव सांगितलं, मी ते ऑफिसात मशीनवर एकदा टाईप करून पाहिलं आणि कागद फाडून टाकला.

गोळ्या लागू पडल्या. आवाज गेले. शेखर घरी आला, जाड झाला, हसला, "ताई, आता काही ऐकू येत नाही," म्हणाला. मी देवीला खण दिला. मला वाटलं, सुटलो.

पण तो सगळा परत आलाच नव्हता. हे मला कळलं ते दुकानापायी. मी म्हटलं, मीठ, जिरं, साबण आण. तो मीठ घेऊन आला. अरे, जिरं? परत गेला, जिरं आणलं. साबण? परत गेला आणि मीठ घेऊन आला. दुकानदार म्हणे, "भैया, दीदी को ही भेज दिया करो." मी त्या दुकानदाराला अशी झाडली की वर्षभर तो मला पाहून तराजू पुसायचा. मग घरी येऊन शेखरला झाडलं. "मन लावत नाहीस तू. तीन वस्तू! तीन वस्तू लक्षात ठेवायला काही बॅरिस्टर व्हावं लागत नाही." तो मान खाली घालून म्हणाला, "लावून राहिलो न ताई." मला ते खोटं वाटलं. माझा तेव्हा पक्का समज होता की आवाज गेले म्हणजे आजार गेला, आणि आता उरला तो आळस.

आता ती टेस्ट काय असते, ते सांगते. रिकामा गोळा बाकावर असतो. त्याला सात गेजं लावायची. गेज म्हणजे लोखंडी माप. एक गोळ्याच्या तोंडात बसतं की नाही ते पाहायचं, दुसरं आट्यांना, तिसरं पोटात, चौथं तांब्याच्या पट्ट्यावर, पाचव्याने लांबी, सहाव्याने बूड, आणि सातवं म्हणजे वजन. हीच ओळ. मागेपुढे झालं की गोळा बाद धरतात, कारण एक जरी राहिलं तरी तोच गोळा तोफेत फुटू शकतो. भिंतीवर तक्ता असतो, पण टेस्टच्या दिवशी तो झाकतात, आणि सातही गेजं ट्रेमध्ये मिसळून ठेवतात. दहा गोळे तपासायचे. पूर्वी शेखर शंभर तपासून डबा खायला जायचा.

त्याचे हात तसेच होते. फक्त सरावाला बसवलं की चौथ्या गेजनंतर तो थांबायचा, असं बाबाराव सांगायचे. हातातलं पट्ट्याचं गेज खाली ठेवायचा आणि मग पाहतच राहायचा, की आता कुठं होतो मी. कधी पहिल्यापासून सुरू करायचा. कधी पट्टाच पुन्हा मापायचा, तीनदा, चारदा.

पत्र आलं त्या संध्याकाळपासून मी त्याला घरी घटवायला सुरुवात केली. आमचा पितळी तांब्या झाला गोळा. पळी, उलथनं, चिमटा, रवी, झारा, किसणी आणि फुलपात्र, ही सात गेजं. पाटावर मांडून बसायचो. मी ओरडायचे, "तोंड! आटे! पोट! पट्टा! पुढे?" आणि तो किसणी हातात धरून माझ्याकडे बघायचा. कोणी दारातून पाहिलं असतं तर दोघांनाही नागपूरला पाठवलं असतं. पण पाहायला येतं कोण? शेखर दवाखान्यातून आल्यापासून आमच्याकडे माणसं येणं बंद झालं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं बाजूच्या क्वार्टरपर्यंत यायचं आणि आमचं दार ओलांडून पलीकडे जायचं. विभावरीकाकू, आईची मैत्रीण, रस्त्यात भेटली की "बरी आहेस न गं?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत चालायला लागायची. आधी मला राग यायचा. नंतर नंतर मी रविवारी दुपारी दाराशी कोणी बोलताना ऐकू आलं की कडी वाजते का म्हणून हातातलं काम थांबवून उभी राहायचे. कडी वाजायची नाही. असं किती वेळा झालं, मोजलं नाही.

दोन स्थळं येऊन गेली होती मला. दोन्ही वेळा बोलणी पुष्कळ पुढे गेली आणि मग कोणीतरी विचारलं, घराण्यात काही आहे का? हे असं विचारतात, काही आहे का. मी खोटं बोलले नाही. पहिले चहा न घेता उठले, दुसरे निदान चहा पिऊन. तेव्हापासून मी मनात धरलं होतं की माझं जे काही अडलं ते शेखरपायी अडलं. तोंडाने कधी बोलले नाही. पण पाटावर बसून "पुढे? पुढे?" ओरडताना माझ्या आवाजात ते सगळं यायचं, आणि एकदा तर हातातली पळी मी त्याच्या हातावर हाणली. चांगली लागली. शेखर हात चोळत म्हणाला, "दुसऱ्या हातावर मार ताई, या हातानं गेज धरायचं आहे."

माझं मलाच कसंतरी झालं. त्या शनिवारी त्याला घेऊन मी राइट टाउनला डॉक्टर दाण्यांकडे गेले.

दाणी नागपूरचे, वयस्कर, महिन्यातून दोनदा जबलपूरला येऊन पेशंट बघायचे. मी बसल्या बसल्या तक्रार सुरू केली. गोळी बदला, हा मन लावत नाही, एकवीस तारखेला टेस्ट आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग शेखरला म्हणाले, "मी आकडे सांगतो, तुम्ही मागून पुढे म्हणा. चार, नऊ, दोन." शेखर म्हणाला, "दोन, नऊ, चार." चार आकडे दिले. शेखरने दोन सांगितले आणि खिडकीकडे पाहत बसला. पुन्हा दिले, पुन्हा तेच. डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

"आता तुम्ही," ते म्हणाले.

"मी? मला काय झालं?"

"काही नाही झालं. भावाशी ताडून पाहतो. म्हणा, सात, एक, पाच."

"पाच, एक, सात." मी ठसक्यात सांगितलं.

"तीन, आठ, सहा, एक."

"एक..." मी म्हणाले. "एक, सहा..." आणि पुढे काही नाही. माझ्या डोक्यात जिथे ते आकडे असायला पाहिजे होते तिथे नुसती भिंत. मी म्हटलं, परत सांगा, बाहेर टांगा वाजला. त्यांनी परत सांगितले. तीनदा वेगवेगळे आकडे दिले. तिन्ही वेळा मी तिसऱ्याच्या पुढे गेले नाही. माझ्या कानांतून वाफ निघत होती. मी ऑफिसातली सगळ्यांत जलद टायपिस्ट, आणि मला चार आकडे येईनात!

डॉक्टर माझ्या पदराकडे पाहत होते. "या गाठी कशाच्या?"

पदराला तीन गाठी होत्या. एक दळणाची, एक शेखरच्या गोळ्या घ्यायच्या त्याची, तिसरी बंडूमामाला पोस्टकार्ड टाकायचं त्याची. मी म्हटलं, "आमच्या घरात सगळ्याच बायका मारतात. आईच्या पदराला तर संध्याकाळपर्यंत जागा उरायची नाही. आजीचंही तेच."

"आणि बंडूमामा?"

"ते कुठे पदर घेतात? ते सिहोऱ्याला जायला बसमध्ये बसले की पुढे कटनीला उतरतात." मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी चष्मा काढून मला नीट समजावलं. म्हणाले, हा आजार घराण्यात झिरपत येतो, हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. पण सगळ्यांना होत नाही, शंभर घरांत एखाद्याला. मला मात्र या एवढ्या वर्षांत असं दिसून राहिलं की ज्या घरात एक पेशंट असतो, तिथल्या चांगल्या ठणठणीत माणसांतही पुष्कळदा ही एक जागा लहान असते. हातातलं काम करता करता चार गोष्टी धरून ठेवायची जागा. आवाज ऐकू येणं वेगळं आणि हे वेगळं. गोळीने आवाज थांबतात, ही जागा मोठी होत नाही. अजून पुस्तकात पुरतं लिहिलेलं नाही, मी चूकही असेन. पण तुमचा भाऊ आळशी नाही, एवढं मी लिहून देतो. त्याची जागा तुमच्यापेक्षा थोडी आणखी लहान झाली आहे, बस्स. तुम्ही गाठी मारून चालवता, तुमची आई चालवत होती. त्याला कोणी गाठ दिली नाही.

"म्हणजे मीही वेडी?" मी उभीच राहिले.

"मी असं म्हटलं का? बसा."

मी बसले नाही. दाराशी जाऊन मागे वळले आणि म्हटलं, "डॉक्टर, माझ्या आकड्यांचं त्याला सांगू नका." त्यांनी विचारलं, काहून? मी म्हटलं, "तो खचेल." तो काय खचणार होता! घरात शहाणी म्हणून एक मीच होते, ते मला सोडवेना. त्याला औषध देणारी मी, रागावणारी मी, सगळं लक्षात ठेवणारी मी. दोन स्थळं गेली ती त्याच्यापायी. आणि आता मी कोण? रिक्षात शेखरने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "तू आळशी नाहीस म्हणाले." तो एवढा खूश झाला की उतरताना रिक्षावाल्याला नमस्कार करून आला.

पण गाठीचं माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातभर सुतळी घेतली आणि शेखरपुढे बसले. म्हटलं, तुला पदर नाही, हे घे. आधी मी सारख्या सात गाठी मारल्या. तो चाचपून म्हणाला, "ताई, सारख्या नको. मला कळलं पाहिजे कोणती कोण." मग त्यानेच सांगितल्या. तोंडाला उघडा फास. आट्यांना तीन बारीक गाठी लागोपाठ. पोटाला जाड गाठ. पट्ट्याला सुतळीचीच गुंडाळी. लांबीला दोन गाठींमध्ये बोटभर मोकळी सुतळी. बुडाला चपटी गाठ. वजनाला टोकाशी जुन्या सदऱ्याचं बटण. सुतळीचं एक टोक पॅन्टच्या पट्ट्याला बांधलं आणि बाकीची खिशात. एक गेज झालं की खिशात हात घालायचा, बोट एका गाठीने पुढे सरकवायचं, आणि अंगठ्यानं धरून ठेवता येत नसेल तर तिथं सुतळी मुडपायची, म्हणजे मधे कोणी हाक मारली तरी जागा सापडते. हे मुडपण्याचं त्यानेच शोधलं, मी नाही.

पहिल्या दिवशी तो पाचव्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम मधेच ओरडले, "शेखर, दूध उतू चाललं!" तो उठला, दूध उतरवलं, आला, खिशात हात घातला आणि बूड मापायला किसणी उचलली. बरोबर किसणीच! मी पाटावरून उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. आमच्या घरात त्या आठवड्यात हसण्याचा आवाज होता. पितरपाट चालू होता, आईची तिथी नवमीची. तिला पान वाढताना मी मनात म्हटलं, आई, तुझ्या गाठी कामाला आल्या गं.

सांगायचं राहून गेलं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात रोज सांगावंसं वाटायचं. शेखर, माझंही तुझ्यासारखंच आहे रे. एकदा तर "शेखर" म्हणून तोंडही उघडलं. तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "भाजीत मीठ बरोबर आहे न?" टेस्ट पास होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला समजावलं. पास झाला की काय सांगायची गरज उरेल, असंही वाटलं असेल.

मंगळवारी एकवीस तारखेला सकाळी आम्ही दोघं बरोबर निघालो. त्याने आईच्या फोटोला नमस्कार केला, मी त्याच्या हातावर दही ठेवलं. बाहेरच्या गेटपाशी मी ऑफिसकडे वळले. तो आतल्या गेटकडे गेला, खिशात हात घालून. पाठीवरून ओळखू येत नव्हतं की हा माणूस दोन वर्षं आजारी होता.

दहा वाजले. अकरा वाजले. माझी बोटं चालत होती. साडेअकराला बाबाराव स्वतः आले, हातात कागद. ते कधी येत नाहीत, शिपायाच्या हाती पाठवतात. त्यांनी कागद माझ्या मशीनशेजारी ठेवला. ट्रेड टेस्टचा निकाल, तीन प्रतींत टाईप करायचा. चंद्रशेखरच्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, नापास.

"असं कसं?" मी उभी राहिले. "घरी सात दिवस एक चूक नाही त्याची. तुम्ही काही घाई केली असेल. ओरडले असाल त्याच्यावर."

"बाई, मी का ओरडू? मलाच वाटत होतं पोरगं यावं म्हणून." बाबाराव टोपी हातात घेऊन बोलत होते. "दोन गोळे ठीक केले. तिसऱ्याला पट्ट्यापाशी अडकला. सारखा खिशात हात घाले, अन् खिसा रिकामा. पट्टाच मापत राहिला. पाचव्या गोळ्याच्या बुडाला चीर होती, तो पास केला."

"खिसा रिकामा काहून? सुतळी होती त्यात!"

"आतल्या गेटवर काढून घेतली न दरबानानं. आता दोरा, सुतळी, ताईत, कागद, काहीच आत जाऊ देत नाही. लढाईचा नवा हुकूम आहे." मग ते माझ्याकडे विचित्र नजरेने पाहायला लागले. "तुम्हीच तर टाईप केला बाई. खाली तुमच्या नावाची अक्षरं आहेत."

मी केला होता. दहा तारखेला. सहा प्रती, मधे कार्बन. दोरा, सुतळी, ताईत, हे शब्द माझ्या या बोटांनी सहा प्रतींवर उमटवले होते, आणि दोनच दिवसांनी मी त्याच बोटांनी सुतळीला गाठी मारत बसले. मला एकदाही आठवलं नाही. टाईप करताना माणूस वाचत नाही, हे खरं आहे, सगळ्या टायपिस्ट हेच सांगतील. पण मी तेवढं सांगून सुटू शकत नव्हते. डॉक्टर दाण्यांच्या खोलीतली ती भिंत मला आठवली.

"बाबाराव," मी म्हटलं, "तक्ता उघडा ठेवा आणि त्याला पुन्हा बसवा. तक्ता समोर असला की तो चुकणार नाही. चूक माझी आहे. त्याच्या नावावर घालू नका."

ते म्हणाले, "तक्ता रोज उघडाच असतो बाई. पण तिसऱ्या शिफ्टला लाईट जाते, कोणी हाक मारते, वरून साहेब येतो. तेव्हा एक गोळा चुकून पुढं गेला तर तो तिकडं आपल्याच पोराच्या तोंडावर फुटते. मी त्याच्या घरी जाऊन काय सांगू? माझा भाचा आहे तिकडं, तोफखान्यात." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्ही सांगा. मी निकाल बदलतो."

ते खरंच बदलणार होते. कागद माझ्यापुढे, पेन्सिलीची अक्षरं, रबर टेबलावर. मी तो बुडाला चीर असलेला गोळा डोळ्यांपुढे आणला, आणि तो कुठे जाऊन थांबला असता तेही. मग मी बसले आणि टाईप केलं. तीन प्रती. या वेळी प्रत्येक अक्षर वाचून.

जेवणाचा भोंगा झाल्यावर मी बाहेर गेले. शेखर सायकल स्टँडच्या पलीकडे कडुनिंबाखाली बसला होता. बाकी माणसं डबे उघडून घोळक्याने बसलेली, हसत होती, लाहोरच्या बातम्या सांगत होती. त्याच्याभोवती दहा पावलं जागा मोकळी होती. मी चालत गेले तशी माणसं माझ्याकडेही पाहायला लागली.

"ताई, मी विसरलो," तो म्हणाला. "तू एवढं शिकवलंस, अन् मी विसरलो."

मी त्याच्याजवळ मातीत बसले. पातळ नवं होतं, बसले तशीच.

"तू नाही विसरलास. मी विसरले. आत सुतळी नेता येत नाही, हा हुकूम मीच टाईप केला होता. अकरा दिवसांपूर्वी."

"तू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू कशी विसरशील?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी माझे आकडे घेतले होते. मला उलटे तीनच आले. चौथा आला नाही, तीनदा सांगूनही आला नाही. आईचंही असंच होतं, आजीचंही, बंडूमामाचंही, आपल्या घरात रक्तातच आहे ते, कोणाला थोडं, कोणाला जास्त. तुला जास्त झालं, एवढंच. मी एका दमात बोलले, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"मला किती आले होते?"

"तीन. तुलाही तीनच."

त्याने मातीत बोटाने तीन रेघा ओढल्या. मला वाटलं, आता चिडेल. चिडायला पाहिजे होतं. वर्षभर मी त्याला मन लाव, मन लाव म्हणत होते.

"मग सांगितलं काहून नाहीस ताई?" तो म्हणाला. रागाने नाही, खरंच विचारत होता. "मला वाटत होतं, आपल्या घरात असा मी एकटाच."

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा फॅक्टरीच्या दारात, शंभर माणसांसमोर रडले. रडता येतं मला, हेही तेव्हाच कळलं. शेखरने खिशातला रुमाल काढून दिला आणि मी नाक पुसेपर्यंत शेजारी बसून राहिला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. माणसं उठून आत गेली. मी उठले नाही.

"ताई," तो म्हणाला, "हे उद्या परत सांगशील? मी विसरून जाईन."

सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सांगितलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.